खडबडीत फरशी

२ मार्च

मंजुरी आली. आधी स्वतःशी वाचली, मग मोठ्याने वाचून दाखवली, कारण घरात धड वाचणारी मी एकटीच. बाबा अंगठा देतात, दादा सहीपुरता शिकला, वहिनी शाळेत कधी गेलीच नाही.

बाबांनी विचारलं, म्हणजे नक्की काय देणार? म्हटलं, अंडी निवडून भरायला एक खोली, निवडायचं यंत्र आणि छोटा टेम्पो. इथलं पिकलेलं इथल्याच लोकांनी खावं असं सरकारला वाटतंय, म्हणून लहान शेतांना नि खाद्यपदार्थ करणाऱ्यांना हे अनुदान आहे. माल जवळच्या दुकानांत, शाळांत, खानावळींत गेला पाहिजे, आमची सगळी अंडी विकत घेणाऱ्या शेठच्या ट्रकमध्ये नाही. बाबा मान खाजवत म्हणाले, "म्हणजे शेठला सांगावं लागणार." चांगली बातमी ऐकली की बाबा आधी आता कुणाला घाबरायचं ते ठरवतात. मीही त्यांच्यावरच गेले आहे.

दादाने मात्र मला उचलून गरागरा फिरवलं. माझा पाय लागून बादली आडवी झाली. त्या आवाजाने वहिनी भिंतीला टेकली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून उभी राहिली. आम्ही सगळे हसलो. ती फारच दचकते.

कालच ती न्हाणीघरात पुन्हा पडली. मनगट टम्म सुजलंय. नव्या खोलीच्या आराखड्यात मी खडबडीत फरशी मागितली होती ती तिच्याच विचाराने. गुळगुळीत फरशी दिसायला छान, पण आमच्या घरात बायका पडतात. आईही अशीच धांदरट होती, असं बाबा सांगतात. फरशीचं कारण मी "कामगारांची सुरक्षितता" असं लिहिलं होतं. ते खोटं तर नाही ना, यावर तेव्हा दोन दिवस विचार केला होता.

९ मार्च

आज मामाला सांगितलं. मामा म्हणजे शेठच्या ट्रकचा ड्रायव्हर. नात्याने कुणी नाही, पण मी लहान होते तेव्हापासून आमची अंडी तोच नेतो. पाऊस-चिखलाच्या दिवसांत मला केबिनमध्ये बसवून शाळेत सोडायचा. मी दहावी झाल्यापासून मला साहेबीणबाई म्हणतो आणि ट्रे उचलताना "साहेबीणबाई, बाजूला व्हा, अंड्यांना घाम फुटतोय" असलं काहीतरी बोलतो.

दादाने त्याला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून ट्रक रिकामाच न्यायचा. मामा हसायचा थांबला. म्हणाला, शेठ चिडेल, पण माझ्या परीने समजावतो. जाता जाता बाबांना म्हणाला, "मालक, शेड सांभाळा. दिवस बरे नाहीत."

"धमकी देतोस का रे?" दादा म्हणाला.

"तुझं नाक पुसलंय मी. तुला कसली धमकी देऊ?"

मी आणि बाबा हसलो. दादा हसला नाही. ट्रक गेल्यावर त्याने अंड्यांनी भरलेला अख्खा ट्रे भिंतीवर मारला. मग जेवायला बसला. वहिनी फडकं घेऊन भिंत पुसत होती. कुठून सुरुवात करायची, वरून खाली कसं यायचं, हे तिला बरोबर माहीत होतं. मदतीला गेले तर म्हणाली, तुम्ही अभ्यास करा. माझा अभ्यास संपून दोन वर्षं झाली, हे तिच्या लक्षात राहत नाही.

दादाचा राग वाईट, पण मन मोठं आहे. मला शिकता यावं म्हणून त्याने शाळा सोडून कारखाना धरला. हे तो कुणाला विसरू देत नाही आणि मी विसरणारही नाही.

२१ मार्च

खोली झाली. फरशी अशी खरखरीत आहे की अनवाणी चाललं तर टाचा घासून निघतील. यंत्रही बसलं. अंडी पट्ट्यावरून जातात आणि वजनाप्रमाणे आपापल्या खणात पडतात. बाबा तासभर नुसते बघत बसले होते.

योजनेच्या बाई येऊन गेल्या. सगळं आवडलं, पण आमच्या निळ्या डगल्यांना त्यांनी नाक मुरडलं. ते डगले दादाच्या कारखान्याचे. कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या पगाराऐवजी त्याने डगल्यांचा गठ्ठा उचलून आणला. तेव्हापासून कोंबड्यांच्या शेडमध्ये जाताना आम्ही सगळे तेच घालतो. शेडच्या दाराशी खिळ्याला टांगलेले असतात. अंगावरच्या कपड्यांना घाण लागू नये, एवढंच त्यामागे. बाई म्हणाल्या, ग्राहकांना पांढरा कोट बघायला आवडतो, शेडपासून टेम्पोपर्यंत सगळीकडे पांढराच हवा, नियमातच आहे. मी लगेच मागवले.

वहिनी आज नव्या खोलीत पडली. गालाला लागलं. त्या फरशीवर माणूस घसरतं कसं, हे मला कळत नाही. चप्पल तपासली, ठीक होती. चक्कर येते का विचारलं, तर म्हणाली, येते कधी कधी. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर दादा म्हणाला, तिला कामाचा कंटाळा आहे.

२८ मार्च, सकाळ

कोट आले. मला मनगटापर्यंत बरोबर बसतो. आरशात बघून हसू आलं, कुठल्या प्रयोगशाळेतली बाई वाटत होते. बाबा खाद्य टाकून आले होते, कपडे मळायची भीती नव्हती, म्हणून डगल्याऐवजी हाच घालून शेडमध्ये एक चक्कर मारली. पत्र्यावर धान्य ओतावं तसा आवाज झाला आणि सगळ्या कोंबड्या एकदम पलीकडच्या टोकाला गेल्या. साहेबीणबाईंना मान दिला म्हणायचा. एरवी पायात पायात येतात, पाऊल टाकायला जागा मिळत नाही. थोडं थांबले, तिकडूनच कलकलाट करत राहिल्या. होतील शांत म्हणून दार लावून, लोखंडी अडसर घालून निघाले. टेम्पोच्या कामासाठी शहरात जायचं आहे.

फाटकाशी मामा रिकामे ट्रे ट्रकमध्ये भरत होता. कोट बघून त्याने सलाम ठोकला.

२८ मार्च, संध्याकाळ

जसं आहे तसं लिहिते.

दुपारी परत आले तर वहिनी शेडच्या दाराशी उकिडवी बसली होती. अंडी गोळा करायला गेली तेव्हा तिला दिसलं. पलीकडच्या टोकाला, खाद्याच्या पोत्यांमागे, कोंबड्यांचा ढीग. कमरेएवढा. एकीवर एक, एकीवर एक, पंख पसरलेले, चोची उघड्या. दादा आणि बाबा उपसत होते. वरच्या मेल्या होत्या, मधल्या मेल्या होत्या, आणि खालच्या इतक्या चपट्या झाल्या होत्या की हातात घेतल्यावर कोंबडी वाटतच नव्हत्या. अंगं अजून गरम होती. अगदी तळाशी एक जिवंत निघाली. तिचे डोळे बाहेर आले होते. बाबांनी तिची मान पिरगळली.

अर्धी शेड गेली. मीही उपसायला लागले. रक्त नाही, चावा नाही, जखम नाही. त्यामुळेच जास्त भीती वाटली. दादा म्हणाला, कुणीतरी आत शिरून काठीने हाकललं यांना, कोपऱ्यात कोंडून मारलं. बाबा उपसत राहिले.

दादाने एकेकाला विचारलं. मी सांगितलं, सकाळी आत जाऊन आले, तेव्हा सगळं ठीक होतं. मग त्याने विचारलं, कुणी आलं होतं का? मी गप्प राहू शकले असते. पण विचारल्यावर खरं सांगायला नको? म्हटलं, मामा होता फाटकाशी, रिकामे ट्रे नेत होता.

दादाने मान हलवली. त्याला जणू हे आधीच माहीत होतं.

शहरात जाण्याआधी पांढरा कोट मी मोरीशी टाकला होता. आता पाहिलं तर वहिनीने धुऊन, वाळवून, घडी करून ठेवला आहे. एवढ्या गडबडीत हे तिला कसं सुचलं कुणास ठाऊक.

२९ मार्च

बाबांनी खड्डा खणला. मी आणि वहिनी पोती ओढत होतो. तेवढ्यात मामाचा ट्रक आला. त्याने ऐकलं होतं. खाली उतरून खड्ड्यात बघितलं आणि डोक्याचा रुमाल काढला. माणूस गेल्यावर काढतात तसा.

दादाने विचारलं, "काल सकाळी शेडमध्ये गेला होतास?"

"आत मी कशाला जाईन?"

दादाच्या हातात दाराचा अडसर होता. पहिला फटका खांद्यावर बसला. मामा खाली बसला आणि "अरे, अरे" म्हणत राहिला, एखादं मूल हट्टाला पेटलं की त्याला म्हणतात तसं. दुसरा तोंडावर बसला. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल, पण ओल्या मातीवर फावडं मारल्यासारखा झाला. मामा कुशीवर वळला आणि हाताने दात चाचपायला लागला. दादा मारत होता आणि प्रत्येक फटक्याला विचारत होता, "कुणी पाठवलं? कुणी पाठवलं?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता मारायचा. बाबा त्याच्या कमरेला लोंबकळले तर त्याने त्यांना झटकून खड्ड्यात पाडलं, मेलेल्या कोंबड्यांवर. मी ओरडत होते का? वाटतं ओरडत होते.

वहिनी ओरडली नाही. ती पुढे गेली आणि मामाच्या डोक्यावर आडवी झाली. एक फटका तिच्या पाठीवर बसला. मग दादा थांबला. अडसर खाली टेकवून धापा टाकत होता.

अंगावरचा डगला रक्ताने काळा झाला होता. तो त्याने खिळ्याला टांगला.

३० मार्च

रुग्णालय लहान आहे, एकच डॉक्टरीणबाई. मामाचा डावा डोळा गेला. जबडा तारेने बांधला आहे. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला तेव्हा त्याने लिहिलं, ट्रक भरताना ट्रे अंगावर पडले. बाई म्हणाल्या, लोखंडाचे ट्रे आहेत वाटतं तुमच्याकडे.

मी खाली वाकून विचारलं, मामा, असं का सांगितलं? तो तारेतून काहीतरी बोलला. मला एवढंच कळलं, "घरचंच आहे."

याचा अर्थ काय घ्यायचा? मनात पाप नसतं तर त्याने नाव घेतलं असतं, असं दादा म्हणतो. मलाही तेच पटवून घ्यायचं आहे. कारण तसं नसेल तर... पुढे लिहिवत नाही.

६ एप्रिल

शेठची माणसं आली. दिवसाढवळ्या, एका टेम्पोत बसून. पाच-सहा जण असतील. ड्रायव्हर आमचा माणूस आहे, त्याला हात लावलात, असं सांगून त्यांनी कामाला सुरुवात केली. हातोड्याने यंत्र फोडलं. पट्टा कापला. सकाळी भरलेली अंडी फरशीवर ओतून ती बुटांनी तुडवली. आमचा नवा टेम्पो खोलीच्या भिंतीला लावलेला होता. त्याच्या काचा फोडल्या आणि आत पेटते बोळे टाकले.

दादा शहरात गेला होता. बाबा मध्ये पडले. एकाने त्यांचा हात धरून तो खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि दुसऱ्याने त्यावर पाय दिला. काडी मोडल्यासारखा आवाज आला. तो माणूस माझ्याच वयाचा होता. मला "सॉरी ताई" म्हणाला आणि बाजूला होऊन यंत्रावर आणखी एक घाव घातला.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहिते, लाज वाटली तरी. बरं वाटलं. म्हटलं, बघा, ही असलीच माणसं आहेत. म्हणजे कोंबड्याही यांनीच मारल्या. म्हणजे मामालाही यांनीच पाठवलं असेल.

८ एप्रिल

बाबांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पाय घसरला. खरं सांगितलं तर मामाचं प्रकरण उघडं पडेल आणि दादाला धरून नेतील, ही भीती. बाई प्लास्टर घालता घालता म्हणाल्या, "तुमच्या घरात सगळे पडतातच का हो?" बाबा कसनुसे हसले. मी म्हटलं, "आम्ही खडबडीत फरशी बसवली आहे." बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मान खाली घातली. मी चुकीचं काय बोलले?

१५ एप्रिल

दादा अडसर उशाशी घेऊन झोपतो. शेडचं दार आम्ही दोरीने बांधतो. आज त्याने मला जवळ बसवून सांगितलं, अठरा तारखेला शेठ गोदामावर एकटा असतो, माणसं सुट्टीवर जातात. "तू घाबरू नकोस. बाबांना बघ." मी म्हटलं, दादा, योजनेच्या बाई अठरालाच पाहणीला येणार आहेत, नुकसान बघून पुन्हा मदत देता येईल का ते ठरवायला. तो म्हणाला, "येऊ देत. मी संध्याकाळी जाईन."

हे थांबवायचं कसं? पोलिसांना सांगितलं तर दादा आत. नाही सांगितलं तर एक माणूस मेलेला, आणि दादा तरीही आत. वहिनीला विचारलं, तुम्हीच समजवा ना त्याला. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मी?" आणि हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

१८ एप्रिल, दुपार

घाईत लिहितेय. दादा मागे आंघोळ करतोय. तो बाहेर येण्याआधी हे माझ्यापुरतं तरी स्वच्छ लिहायला हवं.

योजनेच्या बाई सकाळी आल्या, सोबत फोटो काढणारा. जळका टेम्पो, फुटकं यंत्र बघून हळहळल्या. मग म्हणाल्या, उरलेल्या कोंबड्यांसोबत एक फोटो घेऊ, वर दाखवायला बरा पडतो, सगळ्यांनी कोट घाला. पांढरे कोट घालून मी, बाई आणि फोटोवाला असे तिघं शेडमध्ये गेलो.

पत्र्यावर धान्य ओतल्यासारखा आवाज झाला.

सगळ्या पलीकडे. पोत्यांमागे. पहिल्या भिंतीवर आपटल्या, मागच्या त्यांच्यावर चढल्या, त्यांच्यावर आणखी. बाई कौतुकाने म्हणाल्या, लाजाळू आहेत हो. फोटोवाला हसला. मी दोघांना धक्के मारून बाहेर काढलं, कोट ओरबाडून फेकला, खिळ्यावरचा डगला ओढला. तो दादाचा होता, छातीवर वाळून कडक झालेला. तो घालून आत धावले आणि ढीग उपसायला लागले. वरच्या हातात आल्या, त्या माझ्याकडे बघून गप्प झाल्या. खालच्या काही मेल्या होत्या. बाकीच्या थोड्या वेळाने माझ्या पायाशी येऊन टोचा मारायला लागल्या, नेहमीसारख्या.

बाईंना मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. मग पांढरा कोट काठीला अडकवून दाराच्या फटीतून आत धरला. पळाल्या. काढून घेतला, निळा धरला. परत आल्या. दोनदा करून पाहिलं. एकदा झालेलं खरं धरू नये, असं शाळेत शिकवलं होतं.

जन्मापासून त्यांनी आमच्या अंगावर निळ्याखेरीज काही पाहिलंच नव्हतं. आम्ही कपडे मळू नयेत म्हणून घालत होतो. कुणाला माहीत होतं?

वहिनीला जाऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी कोट धुतला ना मी. शेडचा भुसा होता काठाला. नव्या पांढऱ्या कपड्याला बुजल्या, हे तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही गप्प आहात. या घरात तसंच करतात."

मामा फाटकाशी फक्त ट्रे भरत होता. मला सलाम करून गेला. त्याचं नाव मी घेतलं.

हे एकदा दादाला कळलं, की मग तो गोदामावर जाणार नाही. शेठच्या माणसांनी नंतर जे केलं ते केलंच, पण सुरुवात त्यांनी केली नाही. मग तो थांबेल. त्याचं मन मोठं आहे. बाहेर त्याच्या चपलांचा आवाज येतोय. आता जाऊन सांगते.

२१ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाईट येतं. थोडंच लिहीन.

दादाला नव्या खोलीत गाठलं. अडसराला फडकं गुंडाळत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, वेड लागलं तुला. मी त्याला हात धरून शेडच्या दाराशी नेलं, कोट आत धरून दाखवला. कोंबड्या पळाल्या. निळा धरला. आल्या. तो वळून परत खोलीत गेला. मी मागोमाग.

"म्हणजे मामाला मी उगाच मारलं?" अगदी हळू विचारलं त्याने.

म्हटलं, हो दादा. पण चूक माझी आहे. नाव मी घेतलं.

मला वाटलं तो रडेल. त्याचा चेहरा तसाच झाला होता. त्याने माझा उजवा हात धरला. लिहिण्याचा. म्हणाला, "याच्यासाठी मी शाळा सोडली." हात टेबलावर दाबून धरला आणि अडसर मारला. पहिल्याला मी पाहिलं. दुसऱ्याला पाहिलं नाही. खाली पडले तेव्हा गालाला फरशी लागली. खरंच फार खरखरीत आहे. तिथे कुणी घसरू शकत नाही.

तो माझ्याजवळ बसून राहिला. पाणी आणून दिलं. माझे केस मागे सारले. म्हणाला, तू मला बोलायला लावलंस.

गोदामावर गेला नाही. एवढं तरी झालं.

वहिनी आली. न विचारता दोन लाकडी पट्ट्या घेतल्या, जुन्या साडीचा पदर फाडला, माझा हात बांधला. तिचे हात इतके सराईत होते की दुखलंसुद्धा कमी. बांधता बांधता सांगत होती. "पायरीवरून पडले म्हणा. हात टेकला म्हणा. कोपर सांगू नका, कोपर सांगितलं की फार विचारतात. गाल फरशीचा म्हणा, ते खरंच आहे." मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या मनगटाचं हाड एका बाजूला वर आलेलं आहे. रोज दिसायचं मला. मी त्यासाठी फरशी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला रुग्णालयात घेऊन गेली. बाबा बाहेर बाकावर, गळ्यात हात अडकवून बसले. मी आत जाताना म्हणाले, "पोरी, जपून बोल." पलीकडच्या खोलीतून मामाच्या खोकण्याचा आवाज येत होता.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. बराच वेळ बघितलं. मग हातातलं पेन मिटून बाजूला ठेवलं.

"तू कशावरून पडलीस?"

पायरी म्हणायचं होतं. तोंडात शब्द आला होता. आईचं काय सांगितलं असेल, ते मनात आलं. तेव्हाही कुणीतरी बाहेर बाकावर बसलं असेल.

म्हटलं, "पडले नाही. भावाने मारलं." आवाज बाहेर बाबांना गेला असेल. मग थांबता आलं नाही. कोट सांगितला. कोंबड्या मी मारल्या, ते सांगितलं. मामाच्या अंगावर ट्रे पडले नव्हते. बाबांचा पाय घसरला नव्हता. बाई म्हणाल्या, हळू, मला लिहून घेऊ दे. त्यांनी पेन उघडलं.

वहिनी उठली. मला वाटलं ती निघाली, बाबांना सांगायला, घरी सांगायला. ती दारापर्यंत गेली. दार लावलं. आतून कडी घातली. परत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि ब्लाउजची बाही वर करायला लागली.